प्रसूतीपूर्व क्लास लावावा का? आमचा पुण्यातला अनुभव

सातवा-आठवा चालू असेल आणि क्लास लावू की नको असं चाललं असेल तर माझं मत सरळ आहे, लावा, फक्त पैसे भरायच्या आधी दोनचार गोष्टी विचारून घ्या. आम्ही पुण्यात लावला होता, वीकेंडची बॅच, नवरा-बायको दोघांनी यायचं. नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत.

शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपिस्ट, आणि शिकवतात एकदम भारी. ओटीपोटाच्या हाडांचं प्लास्टिकचं मॉडेल आणि एक कापडी बाहुली घेऊन त्यांनी बाळ कसं बाहेर येतं ते दाखवलं, बाहुलीची हनुवटी छातीला टेकवली, डोकं आडवं आत सरकवलं, मग हळूहळू वळवत तोंड आईच्या पाठीकडे आणलं. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात म्हणून ती थोडी एकमेकांवर सरकतात आणि डोकं मावतं. कळा चालू असताना चाला, बॉलवर बसा, सारखी पोझिशन बदला असं का सांगतात ते बघितल्यावर लगेच कळतं, नुसतं ऐकून कळत नाही.

एका सेशनला आजी-आजोबांना बोलावतात, ते तर प्रत्येक क्लासने करायला हवं. सासूबाईंनी तिथेच विचारलं, सातव्यातलं मूल जगतं पण आठव्यातलं नाही असं म्हणतात ते खरं का हो? मॅडमनी शांतपणे समजावलं की असं काही नसतं, जितके आठवडे जास्त तितकं बाळ जास्त तयार. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो आणि तो पुरेसा व्हायला साधारण ३४ ते ३६ आठवडे उजाडतात, म्हणूनच लवकर डिलिव्हरी होणार असं दिसलं तर डॉक्टर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. पहिलं पिवळसर चिकाचं दूध फेकायचं नाही, मध चाटवायचा नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, हे सगळं पण त्यांनी मोठ्यांच्या समोरच सांगितलं त्यामुळे घरी येऊन मला कुणाशी वाद घालावा लागला नाही.

पण पैसे वसूल झाले ते "कधी निघायचं" या सेशनला. नवव्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं असं सगळेच सांगतात, मॅडम म्हणाल्या हे डोक्यातून काढा, लाथांची पद्धत बदलते, बाळ ढकलतं, वळतं, पण हालचाल कमी व्हायला नको. शंका आली की जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं, दोन तासात दहा झाल्या नाहीत तर हॉस्पिटलला फोन, सकाळची वाट बघायची नाही. पहिलटकरणीला कळा पाच मिनिटांवर, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, घर लांब असेल किंवा आधीचं सिझर असेल तर त्याच्या आधीच. आणि ब्लीडिंग झालं, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी आली, किंवा पाणी जाताना हिरवट-तपकिरी दिसलं तर कळा असोत नसोत लगेच निघायचं, कारण तो रंग म्हणजे बाळाने आतच शी केलेली असू शकते. माझं पाणी रात्री गेलं ते हिरवट होतं. कळा नव्हत्याच, तरी नवऱ्याने दुसरं काही न विचारता फाईल आणि बॅग उचलली. तिथे ठोके कमी होत होते म्हणून सिझर झालं, बाळ ठणठणीत आहे.

आता तक्रारी. सिझरबद्दल जेमतेम दहा मिनिटं बोलले, टाके असताना कुशीवरून कसं उठायचं, बाळाला काखेत धरून कसं पाजायचं हे मला हॉस्पिटलच्या सिस्टरने शिकवलं, खरंतर ते क्लासमध्येच व्हायला हवं होतं, कितीतरी जणींचं शेवटी सिझर होतं. हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, नवव्या महिन्यातल्या बायकांना जिने चढायला लावणं मला अजिबात पटलं नाही. आणि सगळ्यात राग आला तो मध्येच एक माणूस स्टेम सेल बँकेचं पॅकेज विकायला आणला त्याचा. घाबरलेल्या आईबापांना "पुढे पस्तावाल" म्हणून नाळेतलं रक्त साठवायला लावायचं हे बरोबर नाही, स्वतःच्या बाळासाठी खाजगी बँकेत ते साठवा अशी शिफारस आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) पण करत नाही. त्या जागी दूध पाजण्याचं सेशन नीट घेतलं असतं, ते शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं.

तर फी विचारताना हे पण विचारा, सिझर आणि स्तनपान यांना वेगळं सेशन आहे का, घरच्या मोठ्यांना आणता येतं का, लिफ्ट आहे का, बाहेरचं कुणी काही विकायला येतं का. आणि २८-३० आठवड्यांना सुरू करा, ३६ नंतर पाय सुजलेले असताना बसवत नाही.