लायका एम३ की बेसा आर२ए?

दोन्ही फिल्मवर चालणारे कॅमेरे. ५० एमएमची लेन्स हीच तुमची लेन्स असेल आणि फोटो बहुतेक घरात, देवळात, कमी उजेडात काढत असाल, तर लायका एम३ घ्या. जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या ३५ एमएमवर जीव असेल तर बेसा आर२ए. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्हींचं माउंट (लेन्स बसवायची जागा) एकच, त्यामुळे माझी ५० एमएम एफ/२ लेन्स कधी याला, कधी त्याला लागते. म्हणजे फोटोत जो फरक पडतो तो लेन्सचा नाही.

एम३ वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्याने १९५४ साली आणला. बेसा आर२ए जपानच्या कोसिनाने २००४ साली, फोक्टलेंडर हे जुनं जर्मन नाव लावून. नवा घ्यायचा की जुना, याची चर्चा लगेच मीटर (उजेड मोजणारं साधन) आणि शटरच्या वेगांकडे वळते. बेसात मीटर आहे, एम३त नाही. बेसा १/२००० सेकंदापर्यंत जातो, एम३ १/१००० पर्यंत. हे खरं आहे, पण मी सांगेन की आधी फाइंडरला, म्हणजे ज्यातून बघून फोटो काढतो त्या खिडकीला, डोळा लावा.

फाइंडरच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो. त्यात समोरच्या गोष्टीच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. हे किती नेमकं जमेल ते या दोन प्रतिमा आणणाऱ्या, कॅमेऱ्याच्या पुढच्या दोन खिडक्यांमधलं अंतर आणि फाइंडर किती मोठं दाखवतो, या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं. एम३मध्ये तो साधारण ६२ मिलिमीटर येतो, आर२एमध्ये २६. आमच्या गावी एकादशीच्या भजनाला मी कॅमेरा घेऊन बसते. देवळात ट्यूबलाइटचा उजेड, पखवाजवाले काका दोन हातांच्या अंतरावर, लेन्स एफ/२वर, म्हणजे पूर्ण उघडी. डोळे धारदार आले तर कान मऊ होतात, इतकीच जागा असते. एम३च्या चौकोनात त्यांच्या चष्म्याची काडी दुभंगलेली स्पष्ट दिसते आणि जुळते तेव्हा शंका उरत नाही. बेसात ती जुळली असावी असं वाटतं. रोल धुऊन आला की त्यातल्या काही फ्रेममध्ये डोळ्यांऐवजी कान धारदार निघतात.

शिवाय एम३चा फाइंडर जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवतो. दुसरा डोळा उघडा ठेवला तरी चालतं, ५०ची चौकट (फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या उजळ रेघा) समोरच्या माणसांवर तरंगत राहते. आणि आवाज! एम३चं शटर कापडी, हलकंसं खुट करतं. बेसाची धातूची पाती खणकन वाजतात. बुवा अभंगाच्या आधी क्षणभर थांबतात, तेव्हा मी बेसा वाजवणार नाही.

वारीत मात्र मी बेसाच नेते. दिवे घाटात ऊन आणि ढग यांचा खेळ चालू असतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) ठरवून दिलं की शटरचा वेग बेसा स्वतः निवडतो. मुख्य म्हणजे ३५ची चौकट त्यात आहे. एम३त फक्त ५०, ९० आणि १३५. ३५च्या साध्या लेन्ससाठी वर वेगळा फाइंडर बसवावा लागतो, म्हणजे फोकस एका खिडकीतून आणि चौकट दुसऱ्या. दिंडी पुढे सरकत असताना हे जमत नाही. रोल बदलणंही तसंच. बेसाचं मागचं दार उघडतं. एम३चं खालचं झाकण काढायचं, सुटं रीळ बाहेर ओढायचं, फिल्मचं टोक त्यात खोचायचं, मग दोन्ही एकदम आत सरकवायचं. गर्दीत ते झाकण दातांत धरावं लागतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर बेसाचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, सेल संपले की सगळे वेग बंद. सेल कुठेही मिळतात, सर्किट बिघडलं तर मात्र कठीण. ज्यांना ही धास्ती वाटते त्यांनी आर२एम शोधावा; तो यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरला लागतात. एम३ पूर्ण यांत्रिक. तेलपाणी करणारा जाणकार कारागीर मिळाला की तो पुन्हा चालतो. तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत आधीच धरा, कारण एम३ तसाही महाग पडतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन्हींच्या लेन्सना बुरशीची भीती सारखीच. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हवाच.

एम३ घेताना लेन्स काढून, मागची झडप उघडून शटरचा पडदा उजेडासमोर धरा. सुईएवढं भोकही फिल्मवर उमटतं. एक सेकंदाचा वेग लावून तो अडखळत नाही ना, ते ऐका. मग फाइंडरमधून भिंतीवरची उभी रेघ बघा. जुन्या एम३मध्ये फाइंडरमधली प्रिझमची काच जोडणारा बाल्सम (पारदर्शक डिंक) सुटतो आणि चौकोन फिका पडतो, कधी पूर्ण काळा होतो. तसा दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, कारण एम३ घ्यायचा तो त्या चौकोनासाठीच.