कॉलेज सरकारमान्य होतं, पण वर्क परमिट मिळालं नाही

माझ्या मुलाने कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या एका खाजगी कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण केला आणि तिथेच नोकरी करता यावी म्हणून वर्क परमिटसाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण एवढंच, की ते कॉलेज या परमिटसाठी पात्र नाही.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. पोर्तुगीज राजवटीतल्या आमच्या आजोबांची नावं लिस्बनला नोंदलेली नाहीत, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टची वाट आम्हाला बंद. उरली शिक्षणाची. म्हापशातल्या एजंटने संगणकावर कॅनडा सरकारची यादी उघडून कॉलेजचं नाव दाखवलं. "डीएलआय नंबर आहे सर, म्हणजे सरकारमान्य. शिकून झालं की तीन वर्षांचं वर्क परमिट आपोआप." नाव खरंच यादीत होतं. तिथेच मी फसलो.

डीएलआय म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची परवानगी. शिक्षणानंतरचं परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, ही वेगळी गोष्ट. त्याच यादीत कॉलेजच्या नावासमोर आणखी एक रकाना असतो: इथे पीजीडब्ल्यूपीला पात्र अभ्यासक्रम आहेत का? आमच्या कॉलेजापुढे 'नाही' होतं. एजंटने तो रकाना दाखवला नाही आणि मीही विचारलं नाही. तो रकाना आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कृपा करून एक रुपयाही भरू नका.

'आपोआप' तर काहीच मिळत नाही. कॉलेज पात्र असलं तरी अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं पत्र आल्यापासून 180 दिवसांत अर्ज करावा लागतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून भाषेच्या परीक्षेचा निकालही जोडावा लागतो, आणि त्यानंतर स्टडी परमिट मागणाऱ्या डिप्लोमावाल्यांना विषयाचीही अट आहे. हे परमिट एकदाच मिळतं.

अर्ज फेटाळल्यावर मुलगा फोनवर रडत होता, आणि त्या घाईत आम्ही दुसऱ्यांदा फसलो. तोच एजंट म्हणाला, "एलएमआयए काढून देतो, 12 लाख. आधी दोन द्या." एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर ठेवण्यासाठी तिथल्या मालकाने काढायची मंजुरी. तिची 1,000 डॉलर फी मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही, असा तिथला नियम. नोकरीच्या कागदासाठी पैसे मागतो तो ठकच, हे मला नंतर कळलं. दोन लाख रोख दिले. आठवड्याने त्याचा फोन बंद झाला.

कॅनडाच्या कामासाठी पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे तिथला परवाना हवा. सल्लागारांची सार्वजनिक नोंदवही आहे, तिच्यात नाव शोधता येतं. आमच्या माणसाचं नाव तिच्यात नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. प्रवेशाच्या पैशांच्या पावत्या जोडल्या, त्या दोन लाखांची पावतीच नाही. मुलगा परत आलाय. त्याच्या आईच्या पाटल्या अजून पतसोसायटीत गहाण आहेत.