स्विस हाफ फेअर कार्ड: पास न काढता रेल्वेने स्वित्झर्लंड, आमचा हिशोब

स्वित्झर्लंडला रेल्वेने फिरायचं म्हटलं की जो तो एकच सांगतो, स्विस ट्रॅव्हल पास (एकदा पैसे भरा, मग ठरावीक दिवस येईल त्या गाडीत चढा) काढा आणि निवांत रहा. व्हिसाच्या कागदांसाठी ज्या एजंटकडे गेलो होतो त्यानेही तेच सांगितलं, वर "तिकडे जाऊन तिकिटाची लाइन कोण लावणार" हेही ऐकवलं. तिकडे लाइन कुणीच लावत नाही, सगळं मोबाइलवर मिळतं, पण ते जाऊ दे. मी, बायको आणि माझे आई-बाबा असे आम्ही चौघं पास न काढता स्विस हाफ फेअर कार्डावर फिरलो, आणि हा रिव्ह्यू त्या कार्डाचा आहे. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईल.

कार्ड म्हणजे खरं तर एक पीडीएफ, त्यावर क्यूआर कोड. परदेशी टुरिस्टांनाच मिळतं, एक महिना चालतं, आम्ही घेतलं तेव्हा 120 फ्रँकला होतं (भाव वर सरकत असतात, काढायच्या आधी बघून घ्या). ते दाखवलं की ट्रेन, बस, ट्राम, तलावातली बोट आणि बहुतेक सगळ्या डोंगरावरच्या रेल्वे आणि केबल कार निम्म्या भावात. बस एवढंच. फुकट काहीच नाही, म्हणूनच लोकांना पास जास्त आवडतो, कारण पासात "सगळं फ्री" असं वाटतं. प्रत्यक्षात सगळं फ्री नसतंच.

म्हणजे बघा, 8 दिवसांचा सेकंड क्लासचा पास तेव्हा 419 फ्रँक होता. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलेला, म्हणजे माणशी चाळीस हजाराच्या पुढेच. बरं, एवढे मोजूनही युंगफ्राउयोखला (उंच डोंगरावरचं स्टेशन, सगळे टुरिस्ट जातात ते) जायचं तर पास फक्त ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, तिथून वर 25 टक्के सूट मिळते आणि बाकीचे पैसे खिशातून. हाफ फेअरवाल्याला मात्र इंटरलाकेनपासून वर जाऊन परत येईपर्यंत सरळ 50 टक्के. सीझनमध्ये ते रिटर्न तिकीट पूर्ण भावात दोनशे फ्रँकच्या वर असतं, त्यामुळे त्या एका दिवसातच कार्डाचे बरेचसे पैसे वसूल होतात, आणि गोर्नरग्राट या दुसऱ्या डोंगराला तर पासवाल्यालाही 50 टक्केच आहे आणि आपल्यालाही 50 टक्केच, मग पासाचं कौतुक कशाला.

पण नुसत्या हाफ फेअरवर लांबचे प्रवास केले तर पैसे तिथे जातात. त्यावर उपाय आहे सेव्हर डे पास. एका दिवसाचा, देशभर चालणारा, ट्रेन बस बोट सगळं त्यात, आणि हाफ फेअर कार्ड असेल तर लवकर काढल्यावर 29 फ्रँकपासून मिळतो. विक्री सहा महिने आधी सुरू होते आणि जसजशी तारीख जवळ येते तसतसा भाव चढतो, विमानाच्या तिकिटासारखाच प्रकार. तारीख बदलत नाही, पैसे परत नाहीत.

आता यातली मेख सांगतो, कारण सगळा फायदा इथे आहे. डोंगरावर जायचा दिवस आधी ठरवायचाच नाही. वर ढग असले तर 3454 मीटरवर जाऊन पांढरी भिंत बघायची आणि खाली यायचं, पैसे गेले. त्याउलट गावातून गावात जायचे दिवस पक्के असतात, हॉटेल बुक असतं, पाऊस पडो नाहीतर ऊन, जायचंच असतं. म्हणून सेव्हर डे पास घ्यायचे ते या गाव बदलायच्या दिवसांचे, आणि डोंगराचं तिकीट त्या दिवशी सकाळी वेबकॅम बघून, निम्म्या भावात. युंगफ्राउयोख, गोर्नरग्राट सगळ्यांचे लाइव्ह कॅमेरे आहेत. बायको पहाटे उठून मोबाइलवर ढग बघायची आणि मग आम्हाला उठवायचं की झोपू द्यायचं ते ठरवायची. अशा हिशोबाने आमचा आणि पासाचा फरक माणशी दीडशे ते दोनशे फ्रँक पडला. चौघांचे धरा.

दुसरी बचत ग्लेशियर एक्सप्रेस न घेण्यात. हे वाचून काही जणांना राग येईल. झरमॅट ते सेंट मॉरिट्झ 291 किलोमीटर, आठ तास, छतापर्यंत काचा, सीटवर जेवण, सगळं खरं आहे. पण रिझर्वेशन सक्तीचं आहे आणि पास असला तरी त्याचे वेगळे पैसे, तेही पन्नास फ्रँकच्या आसपास. त्याच रुळांवरून तासातासाला साध्या लाल गाड्या धावतात, झरमॅटहून निघून फिस्प किंवा ब्रिग, मग अँडरमाट, मग डिसेंटिस, मग कूर. गाड्या बदलाव्या लागतात पण समोरच्या प्लॅटफॉर्मला पुढची गाडी बहुतेक वेळा उभीच असते, सगळं टाइमटेबलच तसं बांधलंय. रिझर्वेशन नाही. आपण साठ दिवस आधी सकाळी आठला आयआरसीटीसीवर बोटं आपटणारी माणसं, आपल्याला ते पचायला वेळ लागतो. आईला तर पहिले दोन दिवस वाटायचं की कुणीतरी येऊन म्हणणार, ही आमची सीट आहे.

अँडरमाटहून गाडी दातेरी रुळावर चढायला लागते आणि ओबरआल्प खिंडीत 2033 मीटरवर पोचते, ते वळण घेत घेत चढणं साध्या गाडीतून जास्त छान दिसतं कारण काही साध्या डब्यांची खिडकी खाली होते. पॅनोरमावाल्यांच्या काचा बंद, आणि फोटोत आपलंच तोंड. डिसेंटिसच्या पुढे ऱ्हाइनची पांढऱ्या कड्यांची घळ लागते, तिथे सगळा डबा एका बाजूला.

कूरहून तिरानोला जाणाऱ्या बर्निना मार्गाचंही तेच. बर्निना एक्सप्रेसला रिझर्वेशन लागतं, साध्या गाडीला लागत नाही, आणि युनेस्कोने 2008 मध्ये वारसा यादीत घातला तो रेल्वेमार्ग दोघांचा एकच आहे. कूरहून निघताना उजवीकडे बसा. फिलिझूरच्या अलीकडे लांडवासर पूल येतो, 65 मीटर उंच, वळणावर आहे आणि पलीकडचं टोक थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतं, त्यामुळे आपण बसलेल्या गाडीचं इंजिन आपल्यालाच बोगद्यात जाताना दिसतं. पुढे बेर्ग्यूनला म्युझियमच्या बाहेर जुनं तपकिरी इंजिन उभं आहे, लांब नाकाचं, त्याला तिकडे क्रोकोडाइल म्हणतात. बाबा रेल्वेत, कल्याणच्या इंजिन शेडला होते. ते बघून खिडकीतून ओरडलेच, अरे हा तर खेकडा! आपल्या बोरघाटात मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-1 इंजिन, ज्याला रेल्वेतले लोक खेकडा म्हणायचे, त्याची पहिली इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमधून आली होती, एसएलएम कंपनीची. उटीच्या गाडीची जुनी वाफेची इंजिनंसुद्धा तिथलीच. मग पुढचा अर्धा तास कर्जत ते लोणावळा या विषयावर व्याख्यान झालं आणि आल्प्स राहिले बाजूला.

सेंट मॉरिट्झनंतर साधी गाडी दातेरी रूळ न लावता ओस्पित्सिओ बर्निनाला 2253 मीटरवर चढते आणि मग खाली उतरत उतरत तिरानोला, जे इटलीत आहे. उन्हाळ्यात काही गाड्यांना बिनछताचे पिवळे डबे असतात, मिळाला तर सोडू नका, टोपी मात्र धरून बसा. तिरानोत उतरून जेवा. खरंच सांगतो, सगळ्या ट्रिपमधलं पोटभर आणि परवडणारं जेवण तिथे झालं, पित्झोकेरी म्हणून कुट्टूच्या पिठाचा पास्ता मिळतो, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज, पूर्ण शाकाहारी. कॉफीही युरोत आणि निम्म्याहून कमी पैशात. शेंगेन व्हिसा एकच असल्यामुळे वेगळी भानगड नाही, पासपोर्ट तेवढा जवळ ठेवा.

युंगफ्राउयोखबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 1912 पासून चालू असलेली ती रेल्वे, आयगर डोंगराच्या पोटातून खोदलेला बोगदा, इंजिनियरिंग म्हणून हात जोडावेत. पण वर गर्दी, आणि चक्क बॉलिवूड नावाचं इंडियन रेस्टॉरंट, बुफेसाठी लाइन. तेवढ्यासाठी युरोपात आलो का? गोर्नरग्राट, 3089 मीटर, पैसे बरेच कमी, सगळा प्रवास उघड्यावरून, आणि मॅटरहॉर्नचं शिखर समोर सतत. एकच करायचं असेल तर मी गोर्नरग्राट म्हणेन. आईचं मत विचाराल तर दोन्हीपेक्षा ब्रिएन्झच्या तलावातली बोट.

राहायचं तर नावाजलेल्या गावाच्या अलीकडे. झरमॅटऐवजी टेश किंवा फिस्प, सेंट मॉरिट्झऐवजी कूर, इंटरलाकेनऐवजी श्पीत्स किंवा थून. इंटरलाकेनलाच राहायचं असेल तर ओस्ट स्टेशनला लागून यूथ हॉस्टेल आहे, नावात यूथ असलं तरी आजी-आजोबाही दिसतात. चेक-इन करताना गेस्ट कार्ड मागून घ्या, बर्न, बाझेल अशा बऱ्याच ठिकाणी मुक्काम असेपर्यंत गावातली बस-ट्राम फुकट होते आणि तिचिनोमध्ये तर अख्ख्या कँटनमधली (म्हणजे तिकडच्या राज्यातली) ट्रेन-बस. कुणी आपणहून हातात देतंच असं नाही. एका हॉटेलने तर आम्ही विचारल्यावर मग ड्रॉवर उघडला.

खाणं म्हणजे मिग्रोस, कोप आणि डेनर ही सुपरमार्केट. रविवारी दुकानं बंद, पण मोठ्या स्टेशनातली चालू असतात, हे लक्षात ठेवा नाहीतर उपास. नळाचं आणि गावातल्या कारंज्याचं पाणी बिनधास्त प्या, फक्त "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर नको. भाजणी, मेतकूट, चटण्या, लाडू घेऊन गेलो होतो, हॉस्टेलच्या किचनमध्ये थालीपीठ लावलं. पेढे, बर्फी, पनीर असलं काही मात्र नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिथे न्यायला बंदी आहे.

आता कापलेला स्टार. हाफ फेअर कार्डाला डोकं लावावं लागतं. पासवाला येईल त्या गाडीत चढतो, तलाव दिसला की बोटीत बसतो. आपल्याला दर वेळी गाडी सुटायच्या आत एसबीबीच्या (तिकडची सरकारी रेल्वे) अ‍ॅपवर तिकीट काढायचं, चौघांच्या नावापुढे हाफ फेअर आधी सेट करून ठेवायचं, नेट नसेल तर धावपळ, आणि गाडीत चढल्यावर तिकीट काढलं तर चेकर ऐकून घेत नाही. लाउटरब्रुनेनला उतरून धबधबा बघून परत वर कुठेतरी जावं असं मनात आलं की बायको आधी अ‍ॅप उघडून बसायची, त्यात मजा थोडी जाते. शिवाय निम्मं केलं तरी महाग ते महागच, 50 टक्के ऐकून उड्या मारू नका, उरलेले 50 टक्केसुद्धा आपल्याला झोंबतात.

आणि काहींना पासच बरा पडेल. रोज गाव बदलणारे, बोटी आणि म्युझियमं करणारे (पासात 500 च्या वर म्युझियमं आहेत), आणि युंगफ्राउयोखऐवजी रिगी, श्टान्सरहॉर्न, श्टोस असे डोंगर करणारे, कारण हे तिन्ही पासात पूर्ण फुकट आहेत. रिगीची रेल्वे 1871 ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, तीही फुकट, म्हणजे तिथे पासवाल्यांची मजा आहे. पंचवीसच्या आतल्यांना पासावर 30 टक्के सूट असते, कॉलेजातली पोरं जात असतील तर त्यांचा हिशोब वेगळा निघेल.

बरोबर 6 ते 15 वयाची मुलं असतील तर स्विस फॅमिली कार्ड विसरू नका. फुकट मिळतं, आई किंवा बाबांकडे पास असो की हाफ फेअर, मुलं बरोबर फुकट फिरतात. फक्त ते मागावं लागतं, कार्ड काढतानाच.