पायथन शिकवायला शिकायचं कुठे? आठवड्याची एफडीपी (प्राध्यापकांसाठीचं छोटं प्रशिक्षण), बारा आठवड्यांचा कोर्स की विभागातली बैठक

२०१७ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांना 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग अँड पायथन प्रोग्रॅमिंग' हा विषय लावला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात (पॅटर्नमध्ये) 'प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' आला, तोही पायथनमधून. वर्षानुवर्षं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एका सुट्टीत भाषा बदलावी लागली. आणि विषयाच्या नावातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे प्रश्न सोडवायला शिकवणं, हा तर आपल्यापैकी बहुतेकांना कुणी कधी शिकवलेलाच नव्हता.

प्रशिक्षण निवडताना मी एकच छोटं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवते. यादीतली सगळ्यांत मोठी संख्या शोधायची. बहुतेक मुलं सुरुवातीला 'मोठी' म्हणून शून्य धरतात आणि पुढे एकेक संख्या तपासत जातात. गुणांची यादी दिली तर उत्तर बरोबर येतं. आता द्रासच्या हिवाळ्यातली तापमानं द्या: उणे १२, उणे २०, उणे ७. प्रोग्रॅम शांतपणे शून्य सांगतो. सिंटॅक्सची, म्हणजे भाषेच्या व्याकरणाची, चूक कुठेच नाही, चुकला तो विचार. सुरुवात यादीतल्या पहिल्याच संख्येपासून करायला हवी, हे मुलाला स्वतःला सुचेल असा प्रश्न वर्गात टाकता येणं म्हणजे हा विषय शिकवता येणं. कुठल्या प्रशिक्षणातून हे येतं?

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अटल अकादमीच्या किंवा महाविद्यालयांनी स्वतः घेतलेल्या पाच-सहा दिवसांच्या एफडीपीचे फायदे उघड आहेत. सुट्टीत उरकते, प्रमाणपत्र मिळतं, कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलला लागतं, दुसऱ्या कॉलेजातले लोक भेटतात. अडचण वेळापत्रकात असते. मी केलेल्या एका एफडीपीत पहिल्या दोन दिवसांत व्हेरिएबलपासून फंक्शनपर्यंत सगळं संपलं, मग नमपाय, पांडाज या आकडेमोडीच्या तयार लायब्ररी, आणि शेवटच्या दिवशी चेहरा ओळखणारा तयार प्रोग्रॅम. आम्ही तो फक्त चालवला. जुलैत लॅबमध्ये एका मुलीने विचारलं, "मॅडम, उत्तर स्क्रीनवर दिसतंय, मग त्यात दोन मिळवले की एरर का येते?" तिने फंक्शनमध्ये रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिलं होतं. प्रिंट उत्तर फक्त दाखवतं, रिटर्न ते पुढे वापरायला परत देतं. मी ते बदलून दिलं, पण दोन्हींतला फरक तिला पटेल असा सांगता आला नाही. हा गोंधळ दर बॅचला होतोच, आणि त्या सहा दिवसांत त्याबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं. म्हणून एफडीपी निवडताना विषयांची यादी बघण्याआधी आयोजकांना विचारा: सहभागी प्राध्यापक स्वतः शिकवून दाखवतील असं एक तरी सत्र आहे का? नसेल, तर ती प्रमाणपत्रासाठी करा आणि तेवढीच अपेक्षा ठेवा.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा कोर्स याच्या उलट. आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार यांचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युजिंग पायथन' १२ आठवड्यांचा आहे. खेळ, कोडी, रोजच्या गमतीदार प्रश्नांतून जातो. कॉम्प्युटरची पार्श्वभूमी नसलेल्या प्राध्यापकांसाठी मी तोच सुचवेन. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा ८ आठवड्यांचा कोर्स पायथनमधून डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडायच्या रचना) आणि अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या पायऱ्या) यांच्याकडे नेतो. तो कठीण आहे, पण सी पक्कं असणाऱ्याला त्यात खरा आनंद मिळतो. गुण असाइनमेंटचे आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे. कोर्स फुकट, शुल्क फक्त परीक्षेचं. एआयसीटीई ८ आठवड्यांचा कोर्स एक एफडीपी म्हणून धरते, त्यामुळे फाइलची काळजीही मिटते. सगळ्यांत मोलाचं म्हणजे तुमचे प्रोग्रॅम लपवलेल्या टेस्ट केसवर, म्हणजे तुम्हाला आधी न दाखवलेल्या उदाहरणांवर, तपासले जातात. शून्यापासून सुरुवात करायची सवय तिथे बरोबर पकडली जाते. एरवी आपण मुलांना लाल शाईने दाखवतो ते इथे आपल्यालाच दिसतं. सेमिस्टर चालू असताना दर आठवड्याची मुदत सांभाळणं मात्र जड जातं, आणि शेवटी हा कोर्स तुम्हाला चांगला विद्यार्थी बनवतो. वर्गात ६० मुलांसमोर काय करायचं, ते त्यात नाही.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे शिकवणीचे व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचे असतात, बरेचसे मराठीतही. एका खिडकीत व्हिडिओ, शेजारी आपला प्रोग्रॅम. अगदी पहिल्या पायरीसाठी उत्तम.

तिसरा पर्याय कुणी जाहिरात करून विकत नाही. विभागातले पाच-सहा प्राध्यापक आठवड्यातून दीड तास बसतात. एकजण १५ मिनिटं शिकवतो, बाकीचे मुलांसारखे चुकतात आणि प्रश्न विचारतात. आम्ही हे एक सेमिस्टर केलं आणि माझं शिकवणं सगळ्यांत जास्त बदललं ते त्यातून. पीपीटी बंद केली. प्रोग्रॅम सगळ्यांसमोर टाइप करायचा, चुकला तर चुकू द्यायचा, आणि एरर मोठ्याने वाचायची. संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या कार्यशाळांत असंच चालतं. तिथे प्रत्येकाकडे दोन रंगांचे चिकट कागद असतात: एक 'जमलं' सांगायला, दुसरा 'अडलंय' सांगायला. हात वर करायला लाजणारी मुलं कागद सहज लावतात. पायथन ट्यूटर या फुकट संकेतस्थळावर प्रोग्रॅम एकेक ओळ चालताना मेमरीत काय होतं ते चित्रात दिसतं. रिटर्न आणि प्रिंटचा फरक मला शेवटी तिथेच दाखवता आला. पार्सन्स प्रॉब्लेममध्ये ओळी उलटसुलट देऊन मुलांना क्रम लावायला सांगतात, टायपिंगची भीती जाते आणि लक्ष विचारावर राहतं. आधी एकट्याने, मग शेजाऱ्याबरोबर, मग सगळ्या वर्गात, ही पद्धत आयआयटी मुंबईच्या शेकडो मुलांच्या पहिल्या प्रोग्रॅमिंग वर्गातही वापरली गेली आहे. आपल्या ६० जणांत ती नक्की जमते.

बैठकीची उणी बाजूही खरी आहे. प्रमाणपत्र नाही, वर्कलोडमध्ये धरली जात नाही, आणि पायथन नीट येणारं कुणीच नसेल तर चुकीचंच एकमेकांना शिकवलं जाईल.

म्हणून भाषाच नवी असेल तर आधी कोर्स, उन्हाळ्यातच सुरू होणारा मिळाला तर फारच छान. सी चांगलं येत असेल तर आठवडाभरात पायथन हाताला बसेल, मग थेट बैठक सुरू करा. विभागप्रमुख असाल तर सगळ्यांना एकाच एफडीपीला पाठवण्यापेक्षा दोघांना कोर्सला बसवा आणि वेळापत्रकात शुक्रवारचे शेवटचे दोन तास कोरे ठेवा. पहिल्या बैठकीला कुणी तयारी करून येऊ नका. मागच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलचे दहा चुकलेले प्रोग्रॅम छापून आणा, आणि प्रत्येकाखाली त्या मुलाने काय विचार केला असेल ते लिहायला लागा.