2014 की 2018? युरोपियन फॉर्म्युला थ्रीचा एकच हंगाम बघायचा असेल तर

माझा भाचा गेल्या दोन वर्षांपासून फॉर्म्युला वन बघतोय. परवा त्याने विचारलं, "मामा, हे सगळे ड्रायव्हर तिथे पोहोचण्याआधी कुठे घडले ते बघायचंय. एकच हंगाम सांग, पहिल्या शर्यतीपासून शेवटपर्यंत बघतो." मी लगेच म्हटलं, युरोपियन फॉर्म्युला थ्री, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरची तरुण ड्रायव्हरांची स्पर्धा. पण कोणतं वर्ष, यावर अडलो. 2014 सांगावं की 2018? दोन दिवस दोन्ही वर्षांच्या गुणतक्त्यांत डोकं घातलं. त्याच्यासारख्या आणखी कुणाला हा प्रश्न पडला असेल, तर त्याच्यासाठीही हे लिहितोय.

तक्त्याकडे वरवर पाहिलं तर दोन्ही वर्षं जुळी वाटतात. 2014 मध्ये एस्टेबान ओकॉन 478 गुणांनी विजेता, दुसरा टॉम ब्लॉम्क्विस्ट 420 वर. फरक 58. 2018 मध्ये मिक शूमाकर 365, दुसरा डॅन टिकटम 308. फरक 57. दोन्ही विजेते एकाच संघाचे, इटलीच्या प्रेमाचे. गाड्याही एकाच घरच्या: डलारा कंपनीच्या सांगाड्याची गाडी, मागे दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, हँकूकचे टायर. 2017 मध्ये गाडीत सुधारणा झाल्या, पण जात तीच राहिली. आणि दोन्ही हंगामांत ड्रायव्हरच्या डोक्यावर हेलो, म्हणजे आता असते ती संरक्षक चौकट, नव्हता. आताच्या गाड्या बघून सवय झालेल्या माणसाला हे पहिल्याच मिनिटाला जाणवतं. हेल्मेट पूर्ण दिसतं, वळणात शिरताना मान कशी कलते ते दिसतं, ट्रॅकच्या कडेच्या खडबडीत कर्बवरून गेल्यावर बसलेला हिसका दिसतो. माणूस गाडी चालवतोय हे इतक्या स्पष्टपणे आता क्वचितच बघायला मिळतं.

एवढं साम्य असूनही बघताना दोन्ही हंगाम वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

आधी स्पर्धेची रीत सांगतो, कारण निवड करताना ती उपयोगी पडेल. एका शनिवार-रविवारी तीन शर्यती, प्रत्येक जेमतेम पस्तीस मिनिटांची. तिन्ही शर्यतींना सारखेच गुण: पहिल्याला 25, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15, आणि असं उतरत दहाव्याला 1. आताच्या फॉर्म्युला थ्रीत छोट्या शर्यतीसाठी पात्रता फेरीतले पुढचे ड्रायव्हर उलट्या क्रमाने उभे करतात. तेव्हा तसं काही नव्हतं. जो पात्रता फेरीत वेगवान, तो पुढे. त्यामुळे एखादा घसरला तर तो स्वतःच्याच चुकीने किंवा गाडीच्या दुखण्याने घसरलेला असतो, आणि गुणतक्ता वाचताना शंकेला जागा उरत नाही.

2014: जास्त शर्यती जिंकूनही तिसरा

दहा ठिकाणी अकरा फेऱ्या, 33 शर्यती. सुरुवात सिल्व्हरस्टोनला, शेवट हॉकेनहाइमला, जिथे दोनदा शर्यती झाल्या. मधे फ्रान्समधल्या पो शहरातले रस्ते, हंगेरी, स्पा, न्यूरेंबर्गचं नोरिसरिंग, मॉस्को, ऑस्ट्रिया, नुरबुर्गरिंग आणि इमोला.

या हंगामाकडे लोक मॅक्स व्हर्स्टापेनसाठी वळतात, आणि ते बरोबरच आहे. वय सोळा. त्याआधीच्या वर्षापर्यंत कार्टिंग, म्हणजे छोट्या कार्टगाड्यांच्या शर्यती. गाड्यांमधला हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम, तोही व्हॅन अमर्सफोर्ट या डच संघाकडून, फोक्सवॅगन इंजिनवर, म्हणजे प्रेमाचा संघ आणि मर्सिडीजचं इंजिन या जोडीविरुद्ध. त्याने दहा शर्यती जिंकल्या. स्पाच्या तिन्ही आणि लगेच पुढच्या ठिकाणी नोरिसरिंगच्या तिन्ही, अशा सलग सहा. स्पा म्हणजे जंगलातून जाणारा सात किलोमीटरचा उंच-सखल ट्रॅक आणि नोरिसरिंग म्हणजे मोजकी वळणं असलेला, भिंतींमधला सव्वादोन किलोमीटरचा रस्ता. एकीकडे वेग टिकवायचा, दुसरीकडे ब्रेक उशिरा मारायचा. दोन टोकांच्या दोन जागी एकच मुलगा सहाच्या सहा शर्यती नेतो, हे बघताना आजही अंगावर काटा येतो. ऑगस्टमध्ये, हंगाम चालू असतानाच, पुढच्या वर्षी तो टोरो रोसो संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणार असं जाहीर झालं. 3 ऑक्टोबरला, सतरा वर्षं पूर्ण होऊन तीन दिवस झाले असताना, त्याने जपानच्या सुझुकात सराव सत्रात फॉर्म्युला वनची गाडी चालवली. आणि पुढच्याच आठवड्यात इमोलाला परत येऊन फॉर्म्युला थ्रीच्या गाडीत बसला. इतक्या लहान मुलाला तिथे घ्यावं का यावर त्या वेळी मोठा वाद झाला आणि नंतर एफआयए या मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेने किमान वयाची अट 18 वर नेली.

तरीही विजेतेपद त्याचं नाही. तो तिसरा आला, 411 गुणांवर. मी मुद्दाम कागदावर मांडून पाहिलं. व्हर्स्टापेनचे दहा विजय म्हणजे 250 गुण. उरलेल्या 23 शर्यतींत त्याला मिळाले 161, म्हणजे शर्यतीमागे सरासरी सात. ओकॉनचे विजय नऊ, म्हणजे एक कमीच. पण उरलेल्या 24 शर्यतींत त्याने 253 गुण जमवले, सरासरी साडेदहा. म्हणजे ओकॉनचा "न जिंकलेला" दिवसही साधारण चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा होता. व्हर्स्टापेनचा न जिंकलेला दिवस पुष्कळदा शून्याचा होता. ज्या दिवशी गाडी चौथ्या क्रमांकाची आहे त्या दिवशी चौथं येणं, आणि तिसऱ्यासाठी नाक खुपसून भिंतीत न जाणं, हे ओकॉनने अठराव्या वर्षी शिकून घेतलं होतं. शेवटची फेरी बाकी असतानाच, इमोलाला, त्याने किताब खिशात घातला.

ओकॉनबद्दल मला विशेष माया आहे. वडील गॅरेज चालवणारे. पोराच्या शर्यतींसाठी घर विकून कुटुंब काही काळ कॅरॅव्हॅनमध्ये राहिलं, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. असा मुलगा एक गुणही वाया का जाऊ देत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. 2018 च्या ब्राझील ग्रांप्रीत याच ओकॉनची गाडी आघाडीवरच्या व्हर्स्टापेनला धडकली आणि शर्यतीनंतर वजनकाट्यापाशी व्हर्स्टापेनने त्याला ढकललं, ते दृश्य बऱ्याच जणांना आठवत असेल. 2014 बघितलं की त्या दोघांचा हिशेब किती जुना आहे ते उमगतं.

2018: अर्धा हंगाम कोरडा

दहा ठिकाणं, 30 शर्यती. पोपासून सुरुवात, मग हंगेरी, नोरिसरिंग, झांडव्हूर्ट, स्पा, सिल्व्हरस्टोन, मिसानो, नुरबुर्गरिंग, ऑस्ट्रिया आणि हॉकेनहाइम.

पहिल्या चौदा शर्यतींत मिक शूमाकरचा एकही विजय नाही. फॉर्म्युला वनचे जगज्जेते मायकेल शूमाकर यांचा मुलगा, एवढं आडनाव, सोबत इतका तगडा संघ, आणि खातं रिकामं. कार्टिंगच्या दिवसांत तो आईच्या माहेरच्या आडनावाने, मिक बेट्श म्हणून उतरायचा, ते लोकांच्या नजरा टाळण्यासाठीच. 2013 च्या डिसेंबरात वडील मायकेल यांना स्कीइंग करताना डोक्याला गंभीर इजा झाली, त्यानंतर तर प्रत्येक ट्रॅकवर कॅमेरे या मुलाच्या मागे. पंधरावी शर्यत, म्हणजे बरोबर हंगामाचा मध्य, स्पाला होती. तिथे तो पहिल्यांदा जिंकला. मायकेल 1991 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा उतरले ते स्पाला, आणि 1992 मध्ये पहिली ग्रांप्री जिंकले तीही स्पालाच. असा योग कुणी कथेत लिहिला असता तर आपण ओढूनताणून म्हटलं असतं.

त्यानंतर जे झालं त्यासाठी हा हंगाम बघायचा. पंधराव्या ते सव्विसाव्या शर्यतीपर्यंत, बारापैकी आठ विजय. त्यात नुरबुर्गरिंगच्या तिन्ही आणि ऑस्ट्रियातल्या पहिल्या दोन, अशा सलग पाच. पाच विजयांचे 125 गुण त्याने दोन आठवड्यांच्या शर्यतींत ओढले. टिकटम आघाडीवर होता, तो ऑस्ट्रियात मागे पडला. त्याने समाजमाध्यमावर शूमाकरच्या अचानक वाढलेल्या वेगाबद्दल आणि आडनावाबद्दल शंका घेणारा मजकूर टाकला आणि तो बराच गाजला. मला तो आरोप पटत नाही. हिवाळ्यापासून त्याच गाडीवर, त्याच संघात काम करणाऱ्या मुलाला पात्रता फेरीतला एक धागा सापडला, आणि उलट्या ग्रिडची, म्हणजे उलट्या क्रमाने उभं करण्याची, भानगड नसलेल्या स्पर्धेत पुढे उभं राहणाऱ्याला त्याचं फळ तिपटीने मिळतं. हॉकेनहाइमला, एक शर्यत शिल्लक असताना, दुसऱ्या क्रमांकावर येऊन त्याने विजेतेपद पक्कं केलं.

पण ओकॉनच्या पद्धतीने हिशेब मांडला तर मिकचे विजय सोडून उरलेल्या 22 शर्यतींची सरासरी साडेसातच येते, म्हणजे व्हर्स्टापेनच्या जवळपास. त्या वर्षी गुण खूप जणांत वाटले गेले म्हणून 365 पुरले. 2014 चं गणित लावलं असतं तर पुरले नसते. 2018 चा विजेता लाटेवर स्वार होऊन आला, 2014 चा विजेता पायऱ्या चढत आला.

सोबतची मंडळी

फॉर्म्युला वनमध्ये पुढे कोण गेलं हाच निकष असेल तर 2014 सरस आहे. व्हर्स्टापेन, ओकॉन, अँटोनियो जोव्हिनाझी आणि निकोलस लटिफी, चौघेही एकाच ग्रिडवर. शिवाय जेक डेनिस, जो पुढे विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईचा विजेता झाला. 2018 मधून फॉर्म्युला वनला दोघे गेले, शूमाकर आणि ग्वान्यू झोऊ. पण तिथे गर्दीत एक अ‍ॅलेक्स पालू होता. त्या वर्षी फार बोलबाला नसलेला हा स्पॅनिश मुलगा पुढे अमेरिकेतल्या इंडीकार या स्पर्धेचे चार किताब आणि तिथली प्रसिद्ध इंडियानापोलिस 500 शर्यत जिंकून बसला. तिसरा आलेला रॉबर्ट श्वार्त्झमन पुढच्याच वर्षी नव्या फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला. आज इंडीकारही बघणाऱ्या माणसाला 2018 मध्ये जास्त ओळखीचे चेहरे सापडतील.

आणि आपल्यासाठी 2018 मध्ये एक खास कारण आहे: मुंबईचा जेहान दारूवाला. फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने भारतभरातून मुलं निवडली, त्यातून पुढे आलेला. 2017 आणि 2018 अशी दोन वर्षं तो इंग्लंडच्या कार्लिन संघाकडून या स्पर्धेत होता. पहिल्या वर्षी सहावा आला आणि नोरिसरिंगला जिंकला, दुसऱ्या वर्षी गुणतक्त्यात खाली घसरला तरी नोरिसरिंगचा विजय त्याच्या खात्यात आहेच. 2018 मध्ये त्याच संघात आणखी एक भारतीय होता, अमेय वैद्यनाथन. जेहानसाठी 2018 सुखाचं वर्ष नव्हतं, आणि म्हणूनच ते बघावं असं मला वाटतं. चांगल्या पहिल्या वर्षानंतर घसरण सोसून, 2019 मध्ये प्रेमाकडून नव्या फॉर्म्युला थ्रीत तो तिसरा आला, बार्सिलोनातल्या विजयाने सुरुवात करून. मुंबईत ट्रॅक नसताना पोरगं तिथवर जातं, तेव्हा त्याच्या पडत्या वर्षाचीही दखल घेतली पाहिजे.

मग निवड?

वेळेचा प्रश्न फार मोठा नाही. 33 शर्यती म्हणजे एकोणीसेक तास, 30 म्हणजे साडेसतरा.

भारतीय ड्रायव्हरसाठी जीव तुटत असेल, किंवा सुरुवातीला मागे पडलेला मुलगा कसा उठतो हे बघायचं असेल, तर 2018 घ्या. मात्र पहिले दोन महिने धीर धरावा लागेल. कोण जिंकणार याचा थांग लागत नाही आणि ज्याच्यासाठी बसलात तो मधल्या गर्दीत असतो. काहींना हीच गंमत वाटते.

पण भाच्याला मी 2014 सांगितलं. तो व्हर्स्टापेनचा भक्त आहे, आणि आपला माणूस सगळ्यात जास्त शर्यती जिंकूनही का हरला, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. एक अट घातली. दर ठिकाणानंतर वहीत दोनच आकडे लिहायचे: व्हर्स्टापेनचे गुण आणि ओकॉनचे गुण. स्पा आणि नोरिसरिंगपर्यंत त्याला वाटेल की आता डच पोरगाच बाजी मारणार. सलग सहा विजयांचे 150 गुण लिहिताना त्याचा हात खुशीत चालेल. मग शेजारच्या रकान्यात ओकॉनचे गुण लिहायचे आहेत.

काल रात्री त्याचा फोन आला. नोरिसरिंग संपवून वही उघडली होती. म्हणाला, "मामा, सहाच्या सहा हरून हा अजून पुढेच कसा?"

मी म्हटलं, मॉस्को बघ.