हॉटेलच्या फाटकाबाहेरचे मॉरिशस

मॉरिशसला जाणारा मराठी पर्यटक बहुधा असे पॅकेज घेतो की ज्यात नाश्त्याबरोबर रात्रीचे जेवणही हॉटेलातच होते. आम्हीही तेच घेतले होते. जेवणात खोट काढण्यासारखे काही नव्हते, परंतु त्या पंक्तीत बसून आपण कोणत्या बेटावर आलो आहोत हे कळत नव्हते. पुन्हा जाणे झाले तर मी केवळ नाश्त्याचे आरक्षण करीन आणि उरलेली भूक बाहेरच्यासाठी राखून ठेवीन.

सुरुवात राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटपासून करावी, आणि तीही सकाळी दहाच्या आत. खालच्या मजल्यावर भाजीबाजार आहे. तेथे कारली, दोडकी आणि मिरच्यांचे ढीग पाहून आपण आपल्याच मंडईत उभे आहोत असे वाटते. मग शेजारी फ्रेंच नावांच्या पालेभाज्यांच्या जुड्या दिसतात आणि क्रिओल या तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीतली घासाघीस कानावर पडते. वरचा मजला मात्र पर्यटकांसाठी आहे. टोपल्या, समुद्रावर गुंडाळायची रंगीत वस्त्रे, व्हॅनिला, आणि सतराव्या शतकातच नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या असंख्य प्रतिकृती तेथे आहेत. येथे भाव करावाच लागतो. पहिल्या दुकानात घाईने घेतलेली टोपली मला चौथ्या दुकानात पुष्कळ स्वस्त दिसली. व्हॅनिलाच्या शेंगा हाताळून, वास घेऊन मगच घ्याव्यात. एका दुकानातून बंद नळीत घेतलेल्या शेंगा घरी उघडल्या तेव्हा त्या काटकीसारख्या वाळलेल्या निघाल्या. रविवारी बाजार दुपारपर्यंतच असतो, आणि इतर दिवशीही पाचनंतर हे शहर झपाट्याने रिकामे होते.

या बेटावर खाण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे डाळपुरी, जिला तेथे ‘ढोल पुरी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या भारतीयांबरोबर ती आली. मराठी माणसाला ती पटकन समजते, कारण ती पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण आहे: शिजवून कोरडी वाटलेली डाळ, त्यात जिरे व हळद, आणि ते सारण भरून इतकी पातळ लाटलेली पोळी की घडी घालताना ती कापडासारखी पडते. पुऱ्या नेहमी जोडीनेच मिळतात. त्यांवर पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची आमटी, ‘रुगाय’ हा टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. ही जोडी खिशातल्या सुट्या पैशांत येते आणि दुपारचे जेवण होते. रोझ हिल या शहरातले ‘देवा अँड सन्स’ हे दुकान यासाठी प्रसिद्ध आहे. रांग असते, पण ती वेगाने सरकते, आणि पुरी गरम मिळते याचे कारणही ती रांगच आहे. गार झालेल्या पुरीच्या कडा कडक होतात, म्हणून ती बांधून हॉटेलवर नेऊ नये, तेथेच उभ्याने खावी.

डाळपुरीपाठोपाठ ‘गातो पिमाँ’, म्हणजे आपला डाळवडा, लोण्याबरोबर पावात घालून खावा, आणि सेंट्रल मार्केटातच ‘अलुदा’ प्यावे. दूध, सब्जा आणि अगर-अगरचे (चायना ग्रासचे) तुकडे असलेले हे पेय फालुद्याच्या घराण्यातले आहे, मात्र मला ते थोडे अधिक गोड वाटले. शाकाहारी मंडळींनी एक काळजी घ्यावी: परतलेल्या नूडल्समध्ये भाज्याच दिसल्या तरी मासळीचा किंवा कालवांचा सॉस असू शकतो, तेव्हा आधी विचारावे.

कपड्यांसाठी मॉलमध्ये जाण्याचे कारण नाही. 1970 नंतर या देशात निर्यातीसाठी वस्त्रोद्योग वाढला, त्यामुळे विणकामाचे आणि सुती कपडे येथे चांगले मिळतात. कात्र बोर्न या शहरातला गुरुवारी व रविवारी भरणारा कपड्यांचा बाजार मला राजधानीतल्या बाजारापेक्षा सरस वाटला. पोर्ट लुईहून मेट्रोने तेथे सहज जाता येते. शामारेल या गावी उसाच्या ताज्या रसापासून रम कशी बनते ते पाहता येते व चाखताही येते. तेथून एक बाटली आणली, तिचे समाधान आहे.

रात्रीविषयी मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. उत्तरेकडच्या ग्रां बे येथे बार आणि नाचाचे क्लब आहेत, शनिवारी तेथे चांगली गर्दी होते. पण एरवी बेट लवकर झोपते, संध्याकाळनंतर बस विरळ होतात, आणि परतीच्या टॅक्सीचे पैसे बसण्यापूर्वी ठरवले नाहीत तर वाद होतो. आम्ही न ठरवता बसलो आणि अंतराच्या मानाने फार पैसे मोजले.

हॉटेलांत आठवड्यातून एकदा ‘सेगा’ नाचाचा कार्यक्रम असतो. मी तो पाहिला. घेरदार झगे सुंदर होते, परंतु ध्वनिवर्धकाच्या आवाजात ढोलकाचा ठेका हरवला होता. सेगा ही गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी जपलेली कला आहे, आणि तिचे पारंपरिक रूप 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेले. त्याचा प्राण म्हणजे ‘रावान’ हे डफासारखे, बकऱ्याचे कातडे ताणलेले वाद्य. ते मला रविवारी दुपारी फ्लिक आँ फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर ऐकायला मिळाले, तेही तिकिटाशिवाय. सुरूच्या झाडांखाली कुटुंबेच्या कुटुंबे पातेली घेऊन आली होती. एका घोळक्यात दोघांनी शेकोटी पेटवून रावानचे कातडे तापवले, बोटांनी ते पुन्हा पुन्हा तपासले, आणि सूर चढल्यावरच वाजवायला घेतले. जवळच कास्कावेल हे मराठी वस्तीचे गाव आहे. तिथल्या एक आजी शेजारच्या चटईवर बसल्या होत्या, आमचे बोलणे ऐकून त्यांनी थांबत थांबत मराठीत विचारले, “तुम्ही मुंबईचे काय?” मग तिखटमीठ आणि चिंच लावलेल्या अननसाच्या फोडी पुढे केल्या व गणेश चतुर्थीला गावात झाकरी हा नाच कसा नाचतात ते सांगितले. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. साडेपाचला आम्ही उठलो, कारण त्यानंतरची बस मिळेल याची खात्री नव्हती. रावान तेव्हा नुकते रंगात आले होते.