यजमान कुटुंबातील दहा महिने आणि बर्फाची एक सुट्टी : देवाणघेवाण सेवेचा अनुभव

अकरावीच्या वर्षी, म्हणजे २०१८-१९ मध्ये, मी लातूरहून विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराच्या दक्षिणेला असलेल्या एका लहान गावी, एका यजमान कुटुंबाच्या घरी दहा महिने राहिले. आता लातूर, नांदेड, परभणीकडचे पालक मुलांना असे पाठवावे का, हे मला अधूनमधून विचारतात. प्रत्येकाला तोंडी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा या सेवेत काय चांगले मिळाले आणि कुठे कमी पडले, हे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. ज्या संस्थेमार्फत मी गेले तिचे नाव येथे लिहिलेले नाही.

पालकांची पहिली शंका नेहमी एकच असते, की परक्या घरात मुलगी सुरक्षित राहील का. अमेरिकेच्या नियमांनुसार शाळकरी परदेशी विद्यार्थ्याला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला दिला जात नाही, घरातील सर्व प्रौढ व्यक्तींची पार्श्वभूमी तपासली जाते आणि संस्थेच्या स्थानिक समन्वयकाला विद्यार्थ्याशी दर महिन्याला संपर्क ठेवावा लागतो. माझ्या बाबतीत हे सर्व काटेकोरपणे पाळले गेले. माझ्या समन्वयक बाई फोन करीत, घरी येत आणि यजमान मंडळींसमोर नव्हे, तर मला वेगळे बसवून विचारीत. या बाबतीत संस्थेला मी पूर्ण गुण देईन.

तयारीच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येणार नाही. पुण्यात झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात आम्हाला शिष्टाचार, शाळेतील विषय आणि आरोग्य विमा यांची माहिती मिळाली, पण थंडीविषयी यादीत ‘गरम कपडे’ एवढे दोनच शब्द होते. लातुरात थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला स्वेटरविक्रेते बसतात, त्यांच्याकडून आईने दोन जाड स्वेटर घेतले, सुती बनियन आणि कापडी बूट घेतले, आणि आमची तयारी झाली असे आम्हाला वाटले. तिथे कळले की बर्फात नुसती ऊब उपयोगाची नसते, ओल आत येता कामा नये. सुती कपडा घाम आणि पाणी धरून ठेवतो, आणि मग तोच अंगाला गारठवतो. यजमान आईंनी नोव्हेंबरातच माझी बॅग पाहून काही न बोलता त्यांच्या मोठ्या मुलाचे जुने बर्फाचे बूट, पाणी न झिरपणारी विजार आणि लोकरी मोजे माझ्या खोलीत आणून ठेवले. हे काम संस्थेच्या एका नीट लिहिलेल्या पानाने होऊ शकले असते.

या सेवेत आपण खरोखर काय घेतो, हे मला जानेवारीतील एका दिवशी उमगले, म्हणून त्या दिवसाविषयी जरा विस्ताराने लिहिते. बफेलोच्या दक्षिणेकडच्या गावांत बर्फ फार पडतो, कारण कॅनडाकडून येणारे अतिशय थंड वारे ईरी सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून जाताना वाफ उचलतात आणि किनाऱ्यावर आले की ती बर्फ करून टाकतात. सरोवर एकदा गोठले की हा पुरवठा बराच कमी होतो. त्या वेळी ते गोठलेले नव्हते. आदल्या रात्री हवामानाचा इशारा आला तेव्हा घरातील सात वर्षांच्या मुलीने रात्रीचे कपडे उलटे घातले, उशीखाली चमचा ठेवला आणि एक चमचा माझ्याही हातात दिला. असे केले की शाळेला सुट्टी मिळते, अशी तिथल्या मुलांची समजूत आहे. मी तो चमचा मनापासून उशीखाली ठेवला.

पहाटे साडेपाचला फोन वाजला. शाळा बंद ठेवण्याचा निर्णय तिथे त्या भागातील शाळांचे प्रमुख अधिकारी पहाटेच घेतात आणि घरोघरी कळवतात. राज्याच्या नियमाप्रमाणे शाळेचे वर्षाला १८० दिवस भरावे लागतात, त्यामुळे अशा काही सुट्ट्या वेळापत्रकात आधीच धरलेल्या असतात. मी खिडकीचा पडदा सरकवला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. मी मराठवाड्यातली असल्यामुळे आभाळातून बर्फ पडणे म्हणजे गारपीट, एवढेच मला ठाऊक होते. २०१४ च्या गारपिटीत औसा तालुक्यातील आमच्या आजोबांची ज्वारी आणि हरभरा आडवा झाला, तेव्हा पत्र्यावर वाजणाऱ्या गारांचा आवाज माझ्या कानांत बसला होता. इथे गुडघाभर बर्फ साठला होता आणि रात्रभरात त्याचा कणभरही आवाज झाला नव्हता. ताजा भुसभुशीत बर्फ इतर आवाजही शोषून घेतो, त्यामुळे नेहमीचा रस्ता त्या सकाळी देवळाच्या गाभाऱ्यासारखा शांत वाटत होता.

यजमान आई परिचारिका आहेत आणि रुग्णालयाला बर्फाची सुट्टी नसते, म्हणून आधी त्यांची गाडी बाहेर काढायची होती. यजमान बाबांनी मला रुंद पात्याचे प्लास्टिकचे फावडे दिले आणि बर्फ उचलू नकोस, पुढे ढकल, नाहीतर कंबर धरेल, असे सांगितले. आजोळी मी खोऱ्याने पाण्याला बारे दिले होते, त्यामुळे हात लवकर वळला. गाडी निघून गेल्यावर त्यांनी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारापर्यंतची वाट मला नेमून दिली. त्या हिवाळ्यात पुढे प्रत्येक वेळी ती वाट माझीच राहिली. पाहुण्याला कोणी फावडे देत नाही. मला कुटुंबात धरले गेले ते त्या सकाळी, असे मी मानते, आणि कोणत्याही माहितीपत्रकात ही गोष्ट मला वाचायला मिळाली नव्हती. वाटेवर मीठ टाकायला मी निघाले, तेव्हा बाबांनी थांबवले, कारण पारा फार खाली गेला, म्हणजे साधारण उणे नऊ-दहा अंशांखाली, की साधे मीठ बर्फ वितळवण्याचे काम नीट करीत नाही. त्याऐवजी आम्ही वाळू पसरली.

मग खेळ. बर्फाचे गोळे होतच नव्हते, हातातून पिठासारखे निसटत होते. बर्फ शून्य अंशांच्या आसपास ओलसर असेल तरच चिकटतो, हे धाकटीने मला मोठ्या माणसाच्या थाटात समजावले आणि आम्ही गोळ्यांचा नाद सोडून शाळेमागच्या टेकडीवर घसरगाड्या घेऊन गेलो. गावातील निम्मी मुले तिथे होती. दुपारी टोमॅटोचे सूप आणि चीज भाजून केलेला ब्रेड होता, आणि नंतर गरम चॉकलेट. तिथे त्यावर मार्शमेलो घालतात आणि त्यात बहुतेक वेळा प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. यजमान आईंनी कामावर जाण्यापूर्वी पाकिटावरचा मजकूर वाचून माझ्यासाठी बिनमार्शमेलोचा कप वेगळा काढून ठेवला होता आणि त्यावर माझे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. अर्जात मी ‘शाकाहारी’ एवढेच लिहिले होते.

संध्याकाळी मी बादली बर्फाने भरून स्वयंपाकघरात आणून ठेवली. त्यात पाणी किती निघते, ते मला पाहायचे होते. काठोकाठ भरलेल्या बादलीत अखेर दीड-दोन बोटे पाणी उरले. बाबांनी कारण विचारले, तेव्हा मी त्यांना २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते आणि आमच्या गल्लीत टँकरसाठी रात्री कसे जागावे लागे, ते सांगितले. ते बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. वितळलेले पाणी मी सिंकमध्ये ओतू शकले नाही, तेव्हा त्यांनी ते खिडकीतल्या कुंड्यांना घातले.

रात्री आठला, म्हणजे लातुरात सकाळी साडेसहाला, आईला फोन केला. येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावस्येचा सण, होऊन आठवडाच झाला होता. त्या दिवशी लातूर कसे ओस पडते, सगळे गाव शेतात जाऊन आंबील आणि भज्जी खाते, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. दुकाने बंद, शाळा बंद, सगळी माणसे घराबाहेर, असे मी वर्णन केल्यावर आई म्हणाली, “म्हणजे तिथलीबी येळवसच की गं.” यजमान घरात मी त्याचा अर्थ सांगितला आणि पुढचे कित्येक दिवस धाकटी प्रत्येक इशाऱ्यानंतर ‘येळवस’ होणार का, असे विचारत राहिली.

माझे मत स्पष्टच सांगते. ही सेवा घेण्यासारखी आहे, आणि तिचा खरा कस कुटुंबाच्या निवडीत लागतो. म्हणून शुल्क भरण्याआधी यजमान कुटुंबाशी दूरदृश्य संवाद करून द्यावा, असा आग्रह संस्थेकडे धरावा. मला तो शेवटच्या आठवड्यात मिळाला, हा उशीर अक्षम्य आहे. त्या संवादात घर किती मोठे, गाड्या किती, हे विचारण्यापेक्षा घरात कोणती कामे कोण करते आणि आमच्या मुलीकडे कोणते येईल, हे विचारावे. जे कुटुंब या प्रश्नाचे उत्तर लगेच आणि मोकळेपणाने देते, तिथे मुलीला पाठवायला मी कचरणार नाही. बूट आणि विजार येथून घेऊ नयेत, तिथे जाऊन घ्यावेत. लोकरी मोजे मात्र चार जोड न्यावेत, कारण बर्फात दोन जोड दुपारपर्यंतही पुरत नाहीत.